कंदुरीतलं वेगळं ताट

१

शिल्पा सूर्यवंशी जेवता जेवता उठली, तेव्हा पंगतीत कुणाला काही वाटलं नाही. हात धुवायला निघाली असेल. ती चार पावलं चालली, एका हातानं गळा धरला आणि दर्ग्याच्या ओट्याशी मटकन बसली. ओठ सुजून जाड झाले होते. मानेवर, दंडांवर लाल गांधी उठल्या होत्या. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता.

"गळा... आवळायलाय," एवढंच तिला म्हणता आलं.

उदगीरपासून दोन कोसांवर, माळावरचा दर्गा. गुरुवारची दुपार. सूर्यवंशींच्या घरची कंदुरी होती. घरात पाळणा हलू दे, बोकड कापीन, असा नवस सासू गुणाबाईंनी केला होता आणि धाकट्या सुनेला, शिवांगीला, सहावा महिना लागला होता. थोरली सून शिल्पा. तिला मूल नव्हतं. लातूरच्या एका खासगी दवाखान्यात ती ऑपरेशन थेटरची नर्स होती, कंदुरीसाठी आदल्या दिवशी गावी आली होती.

नवऱ्यानं, सोमेशनं, तिला उचलून जीपमध्ये घातलं. सरकारी आरोग्य केंद्र जवळ होतं म्हणून निभावलं. तिथल्या डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत श्वास मोकळा झाला आणि तशीच रुग्णवाहिकेनं तिला लातूरला, तिच्याच दवाखान्यात, हलवलं.

उदगीर ठाण्याचे जमादार संगप्पा स्वामी माळावर पोचले तेव्हा पातेली अजून कोमट होती. दोनशे माणसं जेवून उठली होती. एकालाही साधी मळमळ नव्हती. शिल्पाच्या आजूबाजूला बसलेल्या बायकांना त्याच बादल्यांतून वाढलेलं होतं.

"एकाच बाईला कसं काय झालं, गुणाबाई?"

गुणाबाईंनी पदराची गाठ सोडली, पुन्हा मारली. "मला काय इचारता? त्या जलीलला इचारा. दोनशे ताटं एकसारखी वाढली अन् माझ्या शिवांगीचं ताट त्यानं आपल्या हातानं येगळं काढलं. पातेल्यात काय हाय, ते त्याला ठावं होतं म्हून ना?"

२

जलील खानसामा वीस वर्षं पंचक्रोशीतल्या कंदुऱ्या शिजवत होता. संगप्पांनी त्याला दर्ग्यामागच्या चिंचेखाली बसवलं. पलीकडे पोरांनी त्याचं एक पातेलं लाथेनं लवंडून दिलं होतं, त्याचा आवाज आला तरी त्यानं मान वळवली नाही.

"धाकट्या बाईचं ताट वेगळं का काढलं?"

"पोटुशी बाई हाय साब. तिखट कमी दिलं."

संगप्पांनी हे ऐकून घेतलं आणि शिवांगीकडे गेले. ती जीपच्या सावलीत बसून रडत होती.

"रस्सा कसा होता, बाई? सपक?"

"सपक? डोळ्यांतून पानी आलं माझ्या."

"मग तुमच्या ताटात वेगळं काय होतं?"

तिनं डोळे पुसले. "जास्त काय न्हवतंच. उलट कमी होतं. मटनाच्या बोटी निराळ्या लहान पातेल्यातल्या वाढल्या. कोशिंबीर दिलीच न्हाई. मागितली, तर जलीलचाचा म्हनले संपली. अन् माझ्या म्होरून बादली भरून पंगतीत गेली."

संगप्पा लिंगायत, मटणाला न शिवणारे. अशा जेवणावळीत त्यांच्या वाट्याला भाकरी, कांदा आणि कोशिंबीरच येई. कोशिंबीर नाकारली हे त्यांच्या ध्यानात राहिलं, पण त्यातून काय निघतं हे कळेना. दोनशे जणांनी तीच कोशिंबीर खाल्ली होती आणि बादली आता घासून पालथी घातलेली होती.

ते चिंचेखाली परतले. "जलील, तू खोटं बोललास. रस्सा तिखटच होता."

जलीलनं चिंचेची एक काडी उचलून मोडली.

"जहर टाकलंस?"

"कसम खाऊन सांगतो साब, जहर न्हाई टाकलं."

"मग काय टाकलंस?"

जलीलनं तोंड उघडलं, जीपकडे, शिवांगीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. ठाण्यात नेईपर्यंत त्यानं एक शब्द काढला नाही. निरपराध माणूस इतका गप्प बसतो का, हे संगप्पांना रात्रभर सुटलं नाही.

३

शुक्रवारी सकाळी ते लातूरला दवाखान्यात गेले. शिल्पावर उपचार करणारे डॉक्टर मुनीब तिशीतले, बोलताना चष्मा सारखा वर सरकवणारे.

"ही रिॲक्शन आहे, यात मला शंका नाही," ते म्हणाले. "तीव्र ॲलर्जी. पण कशाची? मटण तिनं लहानपणापासून खाल्लंय. हा बघा नोकरीला लागतानाचा तिचा फॉर्म. ॲलर्जी आहे का? नाही. तिच्या हातचं अक्षर, तिची सही. काल विचारलं, तेव्हाही नाहीच म्हणाली."

"म्हंजे हिला काय सोसत न्हाई ते कुणाला तरी ठावं असंल, अन् त्यानं तेच खायला घातलं असंल."

"तसंही असू शकतं. किंवा एखादं औषधच असेल. तिच्या नवऱ्याचं दुकान कशाचं आहे, माहिती आहे ना तुम्हाला?"

माहिती होतं. सोमेशचं उदगिरात कृषी सेवा केंद्र होतं. बी-बियाणं, खतं आणि कपाटभर फवारणीची औषधं.

शिल्पाची पिशवी खाटेखाली होती. तिच्या परवानगीनं संगप्पांनी ती उघडली. दोन साड्या, डबा, फणी आणि तळाशी निळ्या हातमोज्यांचं खोकं. दवाखान्यात तर सगळ्यांच्या हातात पांढरे मोजे दिसत होते.

"हे इथले?"

"न्हाई. इकत घेतलेले." शिल्पा घाईनं म्हणाली. दोन्ही हात तिनं चादरीखाली घेतले. "मला निळेच बरे वाटतात."

नर्सला मोजे फुकट मिळत असताना ती बाजारातून का आणते? संगप्पांनी पुढचा प्रश्न बदलला. "कंदुरीच्या दिवशी सकाळी तुमचं नवऱ्याशी भांडण झालं म्हनं. शिवांगीनं ऐकलं."

शिल्पा भिंतीकडे बघत राहिली. "नवरा-बायकोत व्हतं."

तेवढ्यात एक सिस्टर आली. शिल्पाच्या तोंडाला कोरड पडली होती, जीभ अजून जड होती. सिस्टरनं पांढरे मोजे चढवले, ओल्या कापसानं तिचे ओठ, हिरड्या, जीभ नीट पुसून काढली आणि गेली. मागोमाग सोमेश शहाळ्याचं पाणी घेऊन आला. संगप्पा दाराशी उभे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत सोमेशनं पेला बायकोच्या तोंडाला लावला.

सात-आठ मिनिटं झाली असतील. शिल्पानं ओठांना हात लावला. मग गळ्याला. मानेवर त्याच लाल गांधी उठल्या आणि तिच्या श्वासात ती शिट्टी पुन्हा वाजू लागली.

जलील त्या वेळी पासष्ट किलोमीटरवर, उदगीरच्या कोठडीत होता.

४

इंजेक्शनानं ती दुसऱ्यांदा वाचली. संगप्पांनी शहाळं आणि पेला दोन्ही जप्त केलं आणि सोमेशला जिन्याखाली घेतलं.

"कंदुरीत पंगतीला कोन होतं? तुम्ही. इथं कोन होतं? तुम्ही. औषधं कुनाच्या दुकानात? तुमच्या. आता सांगा, भांडण कशाचं?"

सोमेश उंच, रुंद माणूस. पण तो भिंतीला टेकून उभा राहिला. "साहेब, त्याचा याच्याशी संबंध न्हाई."

"ते मी ठरवतो."

"ठरवा. मी सांगणार न्हाई."

"नोकरी सोड म्हनत होता?"

"त्ये तर सहा महिने म्हनायलोय." तो थांबला. "त्येवढंच न्हवतं."

त्याहून जास्त काही त्यानं सांगितलं नाही. संगप्पांनी वॉर्डच्या दारावर शिपाई बसवला आणि सोमेशला आत सोडायचं नाही, अशी ताकीद दिली. सोमेशनं वाद घातला नाही. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला.

निघताना डॉक्टर मुनीब भेटले. "काहीतरी पोटात जाऊन अन्ननलिका भाजली असेल तर पाहावं लागेल. उद्या साडेअकराला घशातून दुर्बीण घालतोय."

उदगीरच्या गाडीत संगप्पांना खिडकीशी जागा मिळाली. शहाळं त्यांनी स्वतः पाहिलं होतं. फोडलेलं ताजं, गाड्यावरून आणलेलं, आणि सोमेशनं तिला देण्याआधी दोन घोट स्वतः घेतले होते. विष घालणारा स्वतः पितो का? एक गुन्हेगार आत होता, दुसरा बाहेर बसला होता, आणि दोघंही काहीतरी लपवत होते. पण दोघं मिळून एकाच बाईला मारायला निघालेत, असं मानायला मन घेईना. जलील आणि सोमेशचं आयुष्यात एकदाही सरळ बोलणं झालेलं नव्हतं.

मग दोन्ही ठिकाणी होतं तरी काय?

५

शनिवारी सकाळी दहाला ते सूर्यवंशींच्या घरी गेले. गुणाबाई चुलीपुढं होत्या, रागानं भाकरी थापत.

"शिल्पाला कधी काही बाधल्याचं आठवतं?"

"तिला समदंच बाधतंय. नखरे हायती. आता आता केळं खाल्लं की तोंड खाजतंय म्हनती. आदी तर डझन खायची. लग्नात तर शिकरनीची वाटी दोनदा मागून घेतली होती."

"आता म्हंजे कधीपासून?"

"वरीस झालं असंल. हातबी धुऊन धुऊन सोलपाटून घेतल्यात. इचारलं तर म्हनती साबनानं झालं."

संगप्पा तिथून थेट ठाण्यात गेले. कोठडीत जलील भिंतीला टेकून बसला होता. दोन दिवसांत म्हातारा झाल्यासारखा.

"जलील, तुझ्या कोशिंबिरीत काय होतं?"

"कांदा, काकडी..."

"काकडी किती आणली होतीस?"

"पाच किलो."

"दोनशे मानसं. बादल्या किती भरल्या?"

जलीलनं गुडघे छातीशी ओढले.

"शिवांगीला कोशिंबीर न्हाई. तिच्या बोटी वेगळ्या पातेल्यातल्या. पोटुशीला काय चालत न्हाई रे? माझ्या बायकोची चार बाळंतपणं झाल्यात, मला विचार."

जलीलच्या डोळ्यांत पाणी आलं. "पपई, साब. कच्ची पपई." मग एकदम बांध फुटला. "बोकड नवसाचा, चार सालाचा. लई जून. गुणाबाई म्हनली, बाराला पंगत बसली पाहिजे. कच्ची पपई वाटून लावल्याबिगर शिजला नसता. मानसं जास्त आली, काकडी पुरंना, तर उरलेली पपई किसून कोशिंबिरीत घातली. लिंबू पिळलं की कळत न्हाई कुनाला. पन धाकट्या बाईला सहावा महिना, पपईनं पोट पडतं म्हन्तेत, म्हून तिचं ताट मी आपल्या हातानं काढलं. आता सांगू कसं? ज्या लेकरासाठी कंदुरी, त्याच कंदुरीत जलीलनं कच्ची पपई आनली म्हनलं, तर पुन्हा कोन चूल पेटवू देईल मला?"

"मटनातली पपई शिजली. कोशिंबिरीतली कच्चीच राहिली." संगप्पा स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले.

"पन दोनशे लोकांनी खाल्ली साब! पपई काय जहर हाय?"

नव्हतीच. संगप्पांच्या स्वतःच्या परसात झाड होतं. कच्चं फळ तोडलं की देठातून दुधासारखा चीक गळतो, हाताला लागला की चिकटतो, वाळला की त्याची पापडी निघते, ताणली तर ताणते, रबरासारखी.

रबरासारखी.

ते जागच्या जागी थांबले. रबर तरी दुसरं काय असतं? झाडाचा चीक. पांढरे मोजे रबराचे. काल सिस्टरनं तेच मोजे घालून शिल्पाचं तोंड पुसलं होतं, त्यांच्याच समोर, शहाळ्याच्या आधी! आणि आपण फक्त पेल्याकडे बघत बसलो. शिल्पा निळे मोजे विकत आणते. हात सोलपटतात. ॲलर्जी नाही म्हणून स्वतःच्या हातानं लिहून देते.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. साडेअकराला डॉक्टर तिच्या घशात हात घालणार होते, तेच पांढरे मोजे घालून.

डॉक्टरांचा फोन वाजत राहिला. उचलला नाही. दवाखान्याचा फोन कुणीतरी घेतला आणि "थांबा" म्हणून ठेवून दिला. दारावरच्या शिपायाचा फोन बंद. त्या वॉर्डाजवळ असलेला आणखी एकच नंबर संगप्पांकडे होता. ज्याला त्यांनीच आत जायला मनाई केली होती, त्याचा.

हा माणूस खरंच खुनी असेल तर? त्याला आत सोडायचं आणि उपचारही थांबवायचे?

त्यांनी नंबर लावला.

"सोमेशराव, मी संगप्पा. पळा. दार उघडत नसलं तर मोडा. शिल्पाबाईला कुनीबी पांढरा मोजा लावू देऊ नका. त्यांच्या पिशवीतलं निळं खोकं घ्या अन् डॉक्टरच्या हातात द्या."

पलीकडून एकही प्रश्न आला नाही. फक्त बाक सरकल्याचा आणि धावत्या पावलांचा आवाज आला.

६

दुपारी संगप्पा लातूरला पोचले तेव्हा शिपायाचा सदरा फाटलेला होता आणि सोमेशच्या कोपराला पट्टी होती. डॉक्टर मुनीब फॉर्म पुढ्यात घेऊन बसले होते.

"मोजे चढवले होते मी," ते हळू आवाजात म्हणाले. "सोमेश दाराला धडक देऊनच आत आले. दुर्बीण आम्ही रद्दच केली. शिल्पा आता सगळं बोलली आहे. वर्षभरापासून मोजे घातले की हात खाजायचे, थेटरात शिंका यायच्या, डोळे गळायचे. रक्त तपासायला पाठवलंय, पण उत्तर मला ठाऊक आहे."

"मला मातर नीट सांगा," संगप्पा म्हणाले. "चीक दोन्हींचा, एवढं मला कळलं. पन माझ्याबी हाताला पपईचा चीक लागतो. मला कसं काय होत न्हाई?"

"तुमच्या शरीरानं त्याच्याशी वैर धरलेलं नाही म्हणून. हिचे हात वर्षानुवर्षं रबरात. त्या मोज्यांत रबराच्या झाडाची प्रथिनं राहिलेली असतात. हिच्या शरीरानं ती शत्रू ठरवली आणि त्यांना ओळखणारी प्रतिपिंडं तयार केली. हे पहारेकरी काही विशिष्ट पेशींवर चिकटून बसतात. प्रथिन दिसलं की ते त्याला धरतात, पेशी फुटल्यासारख्या होतात, आतली रसायनं एकदम बाहेर पडतात. त्यानं अंगावर गांधी येतात, गळा सुजतो, रक्तदाब कोसळतो."

"अन् पपई?"

"पहारेकरी पूर्ण चेहरा बघत नाहीत. एखादा भाग जुळला की पुरे. पपईत, केळ्यात रबरातल्यासारख्याच घडणीची प्रथिनं असतात."

संगप्पांनी मान हलवली. ठाण्यात फरारी आरोपीचं चित्र आलं की नाक जुळलं म्हणून भलताच माणूस धरून आणणारे शिपाई त्यांनी पाहिले होते. "म्हंजे केळ्यानं तोंड खाजत होतं, ते नखरे न्हवते."

"ती पहिली सूचना होती. कुणी ऐकली नाही. मीसुद्धा फॉर्मवर विश्वास ठेवला."

शिल्पा उशीला टेकून बसली होती. "खोटं मीच लिहिलं," ती म्हणाली. "थेटरात दोन पोरी हाताला पुरळ आलं म्हून काढल्या होत्या. मला लई आवडतंय ते काम. निळ्यात रबराचा चीक नसतो, त्येच घालून भागवत होते. पन माझ्या खोट्यानं दुसऱ्यालाच भोगावं लागलं ना? जलीलचाचा कोठडीत हाय म्हनं?"

"सुटला. गुणाबाई सोताच ठाण्यात गेल्या. आदी त्याला चांगला फैलावर घेतला, मग घरी पोचवून आल्या." संगप्पांनी टोपी हातात घेतली. "शिवांगीबाईला डॉक्टरीण बघून गेली, बाळ मजेत हाय. गुन्हा कुणावर नोंदवू, एवढंच मला उमजंना. आपलंच रक्त मानसावर उलटतं, त्याला कुठलं कलम लावू?"

ते बाहेर आले. सोमेश त्याच बाकावर होता. सकाळच्या त्या धडकेनंतर पुन्हा आत गेला नव्हता.

"सोमेशराव, तुमच्यावर लई वाईट संशय घेतला मी. माफ करा."

"तुमचं कामच हाय ते, साहेब." तो जमिनीकडे बघत राहिला. "मी तर बिनकामाचा घेतला. तिच्यावर."

संगप्पा त्याच्या शेजारी बसले.

"सहा महिने झाले, हात धरला की झटकायची. जेवताना पदराखाली, झोपताना पदराखाली. लातुरात कुनीतरी हाय, असं घेतलं मी डोक्यात. त्या दिवशी सकाळी तोंडावर म्हनलो तिला. कंदुरीत ती एक शब्द बोलली न्हाई माझ्याशी. अन् मग तशीच ती खाली बसली, गळा धरून." त्यानं कोपरावरची पट्टी दाबली. "हे तुम्हाला जिन्याखाली कसं सांगू?"

"आता मला सांगून काय उपयोग? आत सांगा."

सोमेश उठला. दारापर्यंत गेला, थांबला, मग आत गेला. शिपाई बाजूला सरला. दार उघडंच राहिलं होतं, म्हणून संगप्पांना दिसलं. शिल्पानं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. मग तिनं चादर बाजूला केली आणि दोन्ही हात उताणे करून त्याच्यापुढं धरले. तळव्यांना चिरा पडलेल्या, बोटांच्या बेचक्यांत कातडं सोलून लाल झालेलं.

"दुखतंय?"

"खाजतंय," ती म्हणाली. "लई खाजतंय."

सोमेश खाटेच्या कडेला बसला आणि, एखादं पाखरू उचलावं तसे, त्यानं ते हात आपल्या हातांत घेतले. संगप्पांनी दार हळूच लोटून घेतलं आणि उदगीरची गाडी गाठायला जिना उतरले.